काळजीची वही कधी मिटायची?

गेल्या अंकात निद्रानाशाविषयी लिहिताना ‘मनात घोळते ते कागदावर उतरवून पाहा’ असे एक वाक्य ओघात आले होते. मूळ लेखापेक्षा त्या एका वाक्यावरच अधिक पत्रे आली. त्यांपैकी नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेली चार पत्रे येथे संक्षेपाने दिली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी ४१ वर्षांची असून अंबडच्या एका खासगी कंपनीत हिशेब विभागात काम करते. आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलगा बारावीत आहे, सासूबाईंना मधुमेह आहे आणि ह्यांच्या कारखान्यात कामगारकपात सुरू झाल्यापासून माझ्या डोक्यात सतत काही ना काही घोळत असते. पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडते आणि उजाडेपर्यंत पुन्हा डोळा लागत नाही. मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी रोज रात्री अंथरुणात बसून डायरी लिहू लागले. आरंभी हलके वाटले. आता मात्र चार-चार पाने लिहून होतात, तेच तेच विषय येतात आणि वही ठेवल्यावर जास्तच अस्वस्थ वाटते. ती वही घरात कोणाच्या हाती लागेल, ही आणखी एक नवी काळजी. लिहिणे चालू ठेवावे की बंद करावे?

उत्तर : चालू ठेवावे, परंतु आज आपण ज्या रीतीने लिहीत आहात ती रीत बदलावी. आपल्या पत्रातले ‘तेच तेच विषय येतात’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. काळजीत पडलेले मन एक प्रश्न विचारते आणि त्याचे उत्तर येण्याआधीच पुढच्या प्रश्नाकडे धावते. हीच धाव जशीच्या तशी वहीत उतरू लागली, तर लिहिण्याने काळजी उतरत नाही, तिचा सराव होतो, आणि आपल्या बाबतीत तो सराव ऐन झोपेच्या तोंडावर होत आहे.

लिहून मन मोकळे होते ही समजूत जुनीच आहे. तिची प्रयोगाने तपासणी केली ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहायला सांगितले होते. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, तर काहींनी आयुष्यातील एखाद्या क्लेशकारक प्रसंगावर. ज्यांनी प्रसंगही लिहिला आणि त्या प्रसंगी मनात काय दाटून आले तेही लिहिले, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढील काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. मात्र लिहून उठल्याबरोबर हेच विद्यार्थी इतरांहून अधिक खिन्न होते, ही त्या प्रयोगातली बाजू सहसा कोणी सांगत नाही. दुसरे असे की ते लेखन चार दिवसांत संपले होते. रोज रात्री, महिनोन् महिने, त्याच दुखण्यावर लिहीत राहा असा त्याचा अर्थ होत नाही. पुढे २००६ मध्ये जोअ‍ॅन फ्रॅटारोली यांनी अशा १४६ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा लाभ आहे पण तो लहान आहे, असे निष्पन्न झाले. लहान लाभही नाकारण्याचे कारण नाही, कारण त्याला खर्च येत नाही. (छापील प्रश्नांच्या महागड्या डायऱ्या हल्ली दुकानांत दिसतात. मुलाची अर्धी कोरी राहिलेली दोनशेपानी वही या कामाला पुरते.)

लाभ कोणाला होतो याचा शोध घेताना पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या लेखनातले शब्दच मोजले. ज्यांची प्रकृती सुधारली त्यांच्या लेखनात दिवसागणिक ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘आता माझ्या लक्षात येते’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेलेले आढळले. आपणही एखाद्या रविवारी, भर दुपारी, मागची काही पाने काढावीत आणि ‘झाले तर?’, ‘होईल का?’ अशी वाक्ये किती आहेत आणि ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ अशी किती आहेत ते पाहावे. पहिल्या प्रकारचीच वाक्ये पानभर सापडली, तर आपली वही कुठे अडकली आहे ते आपल्यालाच दिसेल.

आता बदल काय करायचा ते सांगतो. पहिला बदल वेळेचा आणि जागेचा. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एक साधी पद्धत मांडली : काळजी करण्यासाठी दिवसातला अर्धा तास राखून ठेवायचा, वेळ आणि जागा रोज तीच ठेवायची आणि इतर वेळी काळजी मनात आली की तिला त्या अर्ध्या तासापर्यंत थांबवायचे. ऐकायला हे पोरकट वाटते. पण ‘विचार करू नकोस’ या उपदेशापेक्षा ‘आत्ता नको, साडेसहाला कर’ हे मनाला कितीतरी लवकर पटते. कामावरून घरी आल्यावर, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी, टेबलाशी किंवा बाल्कनीत बसून वीस मिनिटे लिहावे. अंथरुणात वही नेऊ नये. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावावा आणि तो वाजला की वाक्य अर्धे असले तरी वही मिटावी. अर्ध्या वाक्यावर थांबणे सुरुवातीला फार जड जाते. जे लोक टिकून राहतात त्यांना याच गजराचा सर्वाधिक उपयोग होतो, असा माझ्याकडे येणाऱ्यांचा अनुभव आहे.

दुसरा बदल काय लिहायचे याचा. भीती जितकी मोघम, तितकी ती फिरत राहते. ‘मुलाचे कसे होईल’ या वाक्याला उत्तर नसते, कारण तो प्रश्नच पुरता विचारलेला नसतो. त्याऐवजी ‘त्याला अभियांत्रिकीला नाशिकच्या महाविद्यालयात प्रवेश मिळणार नाही आणि पुण्याला ठेवण्याचा खर्च आम्हाला झेपणार नाही, अशी मला भीती वाटते’ असे पूर्ण वाक्य लिहावे. मग त्याखाली, ही भीती खरी ठरली की नाही हे कोणत्या तारखेला कळेल ते लिहावे. त्यानंतर, या आठवड्यात त्याबाबत माझ्याकडून एखादी गोष्ट होण्यासारखी आहे का, असेल तर कोणती, ते. नसेल तर ‘नाही’ एवढेच लिहून पुढच्या भीतीकडे जावे. ठरलेली तारीख आली की वही उघडून प्रत्यक्षात काय झाले ते शेजारी नोंदवावे. ही शेवटची पायरी टाळू नये. लुकास लाफ्रेनियर आणि मिशेल न्यूमन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिंताविकार असलेल्या २९ जणांनी आपापल्या काळज्या दहा दिवस टिपल्या आणि त्या खऱ्या ठरतात का ते महिनाभर तपासले. सुमारे ९१ टक्के काळज्या खऱ्या ठरल्या नाहीत. हा आकडा दुसऱ्याने सांगितला तर मन म्हणते, ‘माझी काळजी उरलेल्या नऊ टक्क्यांतली आहे.’ स्वतःच्या अक्षरातल्या जुन्या तारखांशी मात्र तसा वाद घालता येत नाही.

रात्री लिहायचेच असेल तर भावनांविषयी लिहू नये, उद्याच्या कामांची यादी करावी. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन यांनी ५७ तरुणांवर केलेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे ज्यांनी पुढील दिवसांच्या कामांची यादी लिहिली, ते झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे आधी झोपी गेले, आणि यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर लागली. तेव्हा ‘सासूबाईंचे बघणे’ असे न लिहिता ‘सासूबाईंची उपाशीपोटी साखर तपासायला सकाळी सातला प्रयोगशाळेतल्या मुलाला बोलावणे’ असे लिहावे. पहाटे तीनला जाग आलीच, तर दिवा लावून लिहायला बसू नये. उशाशी ठेवलेल्या चिटोऱ्यावर एकच शब्द टिपावा, म्हणजे तो विषय संध्याकाळपर्यंत हरवणार नाही याची मनाला खात्री पटते.

वही कोणाच्या हाती लागेल ही भीती रास्त आहे आणि तिच्यामुळे लेखन खोटे होऊ लागते. कार्यालयातल्या कुलुपाच्या खणात वही ठेवता येईल. सुट्या कागदांवर लिहून, तारीख लावून तपासायच्या नोंदी तेवढ्या बाजूला काढून बाकीचे फाडून टाकले तरी चालते. लाभ लिहिण्यात आहे, जतन करण्यात तो फारसा नाही. घरात ‘मी रोज वीस मिनिटे लिहीत बसते, ते कोणी वाचू नये’ असे एकदा सरळ सांगून पाहावे, असेही मी सुचवेन. पुष्कळ घरांत हे सांगितलेच जात नाही आणि मग वही लपवण्यातच अर्धा जीव जातो.

एक गोष्ट वहीबाहेरची. छातीतील धडधड, तुटक झोप आणि सततची अस्वस्थता यांमागे थायरॉइडचा दोष, रक्तक्षय किंवा या वयात पाळीच्या चक्रात होणारे बदलही असू शकतात, म्हणून एकदा डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि संध्याकाळनंतरचा चहा बंद करावा. बहुतेक दिवस काळजी, सोबत थकवा, चिडचिड, अंग आखडणे आणि झोपमोड, असे सहा महिन्यांहून अधिक काळ चालले असेल, तर तो उपचाराने बरा होऊ शकणारा विकार असू शकतो. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयातही ही सोय आहे.

प्रश्न : माझी निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल तुटेपर्यंत आभाळाकडे बघण्यात दिवस जातात. फुलोऱ्यात पाऊस आला की गळ आणि कूज, वर डाऊनी (केवडा) रोग. माल तयार झाल्यावर आला की मणी तडकतात. गेल्या हंगामात एका व्यापाऱ्याने माल नेला आणि निम्मे पैसे अजून दिले नाहीत. सोसायटीचे आणि बँकेचे कर्ज आहे. मुलगी म्हणते, ‘अण्णा, मनातले लिहून काढत जा.’ आमची काळजी काही मनाचे खेळ नाहीत, ती खरी आहे. लिहून पाऊस थांबणार आहे का? कधी कधी तर सगळेच नको झाले असे वाटते.

उत्तर : आधी तुमच्या शेवटच्या वाक्याविषयी. ‘सगळेच नको झाले’ असे वाटत असताना जीव देण्याचा विचार एकदा जरी मनात डोकावून गेला असेल, तर तो वहीत ठेवू नका. आजच घरातल्या एका माणसाला तो स्पष्ट शब्दांत सांगा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, निःशुल्क आणि मराठीतून बोलता येते. फवारणीची औषधे घराबाहेर कुलपात ठेवा आणि किल्ली काही दिवस भावाकडे किंवा मुलीकडे द्या. यात कमीपणा नाही. असा विचार बहुधा लाटेसारखा येतो आणि ओसरतो; त्या वेळात औषध हाताशी नसणे यानेच पुष्कळ जीव वाचलेले आहेत.

आता लिहिण्याविषयी. तुमची काळजी खरी आहे हे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि वरच्या उत्तरातला ९१ टक्क्यांचा आकडा मी तुम्हाला लागू करणार नाही. तो चिंताविकार असलेल्या माणसांच्या अभ्यासातला आहे. अवकाळी पाऊस आणि गारपीट नाशिक जिल्ह्याने वारंवार सोसली आहे. लिहून पाऊस थांबणार नाही. मात्र खऱ्या काळजीतही दोन भाग असतात : एक ज्यावर काही करता येते तो, आणि दुसरा ज्यावर काहीच करता येत नाही तो. मनात ते दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेले असतात की दुसऱ्याच्या धास्तीने पहिल्यातले कामही राहून जाते. व्यापाऱ्याला फोन करायचा असतो आणि माणूस हवामानाचा अंदाज बघत बसतो.

माल निर्यातीसाठी द्यायचा असेल तर बागेची नोंदणी करून फवारणीची तारीख, औषध आणि प्रमाण यांची नोंद तुम्ही ठेवतच असाल. त्या नोंदीत कोणी ‘माझे कसे होणार’ असे लिहीत नाही; काय केले आणि केव्हा केले एवढेच लिहितो. काळजीची नोंदही तशीच कोरडी ठेवावी. ज्यांना ‘मनातले लिहा’ म्हटले की अवघडल्यासारखे होते, अशा पुरुषांना हा प्रकार अधिक रुचतो असे मी पाहिले आहे. एका पानावर व्यापाऱ्याचा हिशेब मांडा : माल कोणत्या तारखेला तुटला, किती क्विंटल, कोणत्या भावाने, किती रक्कम मिळाली, कोणती पावती किंवा मोबाइलवरचा संदेश हाती आहे. हे पान रात्रीची काळजी कमी करील आणि उद्या तक्रार करण्याची वेळ आली तर तेथेही उपयोगी पडेल. दुसऱ्या पानावर कर्ज : सोसायटीचे किती, बँकेचे किती, हातउसने किती, पुढचा हप्ता केव्हा. एकूण आकडा कागदावर मांडायला माणूस घाबरतो आणि न मांडलेला आकडा मनात फुगत जातो. हे पान एकट्याने लिहू नका, पत्नीला शेजारी बसवून लिहा.

पावसासाठी तिसरे पान ठेवा आणि त्यावर भीती न लिहिता ‘पाऊस आलाच तर’ असे शीर्षक देऊन त्या दिवशी करायची कामे क्रमाने लिहा. कोणती फवारणी, कोणाला बोलवायचे, पीक विमा घेतला असल्यास पॉलिसीचा क्रमांक, नुकसानीची सूचना कुठे आणि किती मुदतीत द्यायची, पंचनाम्यासाठी कोणती छायाचित्रे काढायची. हे एकदा लिहून झाले की आभाळ भरून आल्यावर नव्याने विचार करण्याची गरज राहत नाही. पान उघडायचे आणि कामाला लागायचे. त्यानंतरही जी धाकधूक उरेल, ती उरेल. हंगामात पैसा गुंतलेल्या माणसाला ती वाटणारच आणि ती पूर्ण जावी अशी अपेक्षा लिहिण्याकडून करू नये.

प्रश्न : मी राज्यसेवेची तयारी करते, गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकेत बसते. सराव परीक्षेत गुण बरे पडतात, पण मुख्य परीक्षेच्या हॉलमध्ये हात गार पडतात आणि वाचलेले आठवत नाही. परीक्षेच्या आधी दहा मिनिटे भीती कागदावर लिहिली की गुण वाढतात, असे एका व्हिडिओत पाहिले. खरे आहे का?

उत्तर : त्या व्हिडिओचा आधार बहुधा शिकागो विद्यापीठातील जेरार्डो रामिरेझ आणि शान बायलॉक यांचा २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास असावा. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपल्या भीतीविषयी लिहिणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारल्याचे त्यात दिसले होते. मात्र २०१८ मध्ये नामांकित नियतकालिकांतील काही प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून पाहण्यात आले, तेव्हा या प्रयोगातला तो लाभ पुन्हा दिसला नाही. व्हिडिओवाले हा दुसरा भाग सांगत नाहीत.

करून पाहण्यात हानी नाही, पण ते सराव परीक्षेच्या वेळी करून पाहा. तीन-चार सराव परीक्षांत उपयोग झाला असे तुला वाटले, तरच मुख्य परीक्षेच्या दिवशी केंद्रावर जाण्यापूर्वी ते कर. नवी गोष्ट त्या सकाळी पहिल्यांदा करू नये. माझ्या मते तुला अधिक उपयोगी पडेल ती परीक्षेनंतरची नोंद : कोणत्या प्रश्नाशी हात गार पडले, त्या क्षणी मनात कोणते वाक्य आले, त्यानंतर काय केले. बहुतेकांचे ते वाक्य दर वेळी एकच असते आणि ते एकदा ओळखीचे झाले की हॉलमध्ये त्याचा दरारा कमी होतो. सराव परीक्षाही अभ्यासिकेतल्या नेहमीच्या खुर्चीवर न देता अनोळखी जागी, घड्याळ लावून दे.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा, नाशिकरोडला राहणारा निवृत्त कामगार आहे. काळजी आणि झोप यांसाठी दोन गोळ्या तीन वर्षांपासून चालू आहेत. हात थरथरतो म्हणून लिहिणे जमत नाही. नातवाने मोबाइलमध्ये बोलून नोंद करण्याची सोय करून दिली आहे. बोलून केलेली नोंद चालते का? आणि ही सवय लागली की गोळ्या बंद करता येतील का?

उत्तर : बोलून केलेली नोंद चालते. मर्यादा तीच : वीस मिनिटे, आणि विषय पुढे सरकत नसेल तर त्याआधीच थांबायचे. मोबाइलला कुलूप ठेवा आणि त्या नोंदी आपोआप कुटुंबाच्या सामायिक खात्यात जात नाहीत ना, हे नातवाकडून तपासून घ्या.

गोळ्यांबाबत उत्तर ठाम नकाराचे आहे. स्वतःच्या मनाने त्या बंद करू नका, कमी करू नका. काळजी आणि झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यावर एकदम थांबवल्या, तर कमालीची बेचैनी येते आणि काही जणांना फिटही येऊ शकते. त्या सोडायच्याच असतील तर डॉक्टर आठवड्याआठवड्याने मात्रा उतरवतात. या वयात त्यांच्यामुळे तोल जाणे आणि विसरणे हेही होऊ शकते, म्हणून तीन वर्षांनंतर त्यांचा फेरविचार करून घेणे योग्यच आहे. पण तो तुमच्या डॉक्टरांसमोर बसून व्हावा. हाताची थरथर त्यांना अवश्य दाखवा, कारण तिची कारणे काळजीखेरीजही अनेक आहेत.

तुमच्या बोललेल्या नोंदींचा खरा उपयोग त्या भेटीत होईल. भेटीआधीचे दोन आठवडे रोज सकाळी एवढेच बोलून ठेवा : रात्री किती वाजता झोप लागली, किती वेळा उठलात, गोळी किती वाजता घेतली, दिवसा पेंग आली का, थरथर केव्हा जास्त होती. त्यावरून नातवाने एक पान लिहून द्यावे. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांपाशी वेळ थोडा असतो आणि ‘झोप नीट लागत नाही’ या वाक्यापेक्षा असे एक पान पाहून त्यांना मात्रेचा निर्णय अधिक चांगला घेता येतो.